वरच्या कडेचा होकार

१

रानं साफ करून सपाट करून द्यायची, हा माझा धंदा. झाडोरा काढायचा, मुळं उपटायची, दगड वेचायचे, वरच्या अंगाची माती खालच्या अंगाला ओढायची आणि शेवटी लेव्हल लावून रोलर फिरवायचा. एक पोकलेन, एक डोझर, एक रोलर आणि हे सगळं वाहून न्यायला ट्रेलर. नवरा वारला तेव्हा लोक म्हणाले, विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही हे. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या कोंबड्या सांभाळा. आज इकडे बल्गेरियात, तोपोलोवग्रादच्या आसपास जे नवे द्राक्षमळे दिसतात, त्यांतल्या बऱ्याच मळ्यांखालची जमीन माझ्या मशिनींनी सरळ केलेली आहे.

त्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ देल्चो जर्मनीहून परत आला होता. परत म्हणजे बघायला. मिसरूड फुटायच्या वयात गेला, टक्कल पडायला लागल्यावर आला. तिकडेही तो पोकलेनच चालवायचा. "जमलं तर राहतो ताई, नाही जमलं तर थंडीच्या आधी जातो," म्हणाला. मला तो राहायला हवा होता. आई गेली, नवरा गेला, मूलबाळ झालं नाही. संध्याकाळी दार उघडल्यावर "आलीस का" म्हणणारं एक माणूस घरात असावं, एवढंच माझं मागणं. त्याला तसं बोलून दाखवलं नाही, पण दिवसभर धूळ खाऊन आल्यावर त्याच्या आवडीच्या भरल्या मिरच्या करत बसायची हौस कुणाला असते?

तिकडून तो एकच गोष्ट बिघडवून घेऊन आला होता. मान. आमच्याकडे 'नाही' म्हणताना मान वर-खाली जाते आणि 'हो' म्हणताना डावी-उजवीकडे डोलते. बाकीच्या जगात उलटं असतं म्हणतात. असेल, जगाचं जग जाणे. देल्चोची मान पार जर्मन झाली होती. बेकरीतल्या बाईनं गरम बानित्सा, चीज भरलेली खुसखुशीत पोळी, पुढे करून विचारलं, देऊ का? ह्यानं वर-खाली मान हलवली. तिनं ताट उचलून आत ठेवलं. हा उपाशी घरी आला आणि मलाच म्हणतो, "ताई, इथली माणसं फार उद्धट झालीत गं."

घरात हसून हसून पोट दुखलं, पण कामावर ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात आमच्या नांकोकाकांनी, म्हणजे डोझर चालवणाऱ्या म्हाताऱ्यानं, ओरडून विचारलं, "बकेट फिरवतोयस का रे?" ह्यानं वर-खाली मान हलवली. ह्याच्या लेखी हो, काकांच्या लेखी नाही. काका पुढे सरकले आणि बकेटचे दाते त्यांच्या काचेपासून हातभरावर येऊन थांबले. काका खाली उतरले आणि त्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात माझ्याही आल्याच. तेव्हापासून मी नियम करून टाकला. साइटवर मानेनं बोलायचं नाही. हातानं सांगा, नाहीतर तोंडानं.

२

सोफियाच्या एका कंपनीला डोंगराच्या उतारावर द्राक्षं लावायची होती. कधीच उठून गेलेल्या एका वाडीच्या वरचा माळ. वाडीची घरं पडून त्यांच्यावर झुडपं माजलेली, आणि माळावर काटेरी झाडी अशी दाट की कुत्रंसुद्धा आत शिरायचं नाही. कंपनीला तिथं पायऱ्यांसारखे सपाट पट्टे हवे होते. आमचं नेहमीचंच काम.

नांकोकाका डोझर घेऊन खालच्या अंगाला, देल्चो पोकलेन घेऊन वरच्या अंगाला. मी दोघांच्या मध्ये, लेव्हलची पट्टी हातात घेऊन. देल्चोचा हात मात्र देखणा होता हो. एवढं मोठं धूड, पण बकेट अशी टेकवायचा की अंडं फुटू नये.

दुपारी ट्रेलरच्या सावलीत जेवायला बसलो. पाव, मेंढीचं चीज, टोमॅटो आणि बाटलीत भरून आणलेलं काकडी-दह्याचं गार सार. खाता खाता देल्चो म्हणाला, "वरचा म्हातारा चांगला आहे बुवा. मी विचारलं, इथवर काढू का? हो म्हणाला."

"कुठला म्हातारा?"

"वरच्या कडेला उभा असतो की रोज. मेंढीच्या कातड्याची टोपी घालून."

"एवढ्या उन्हात कातड्याची टोपी?" नांकोकाका म्हणाले. "मेंदू उकडला असेल त्याचा. नाहीतर तुझा."

"तुम्हाला कुठून दिसणार काका? तुम्हाला तुमच्या मिशा धुळीत दिसत नाहीत."

मी म्हटलं, असेल कुणी धनगर. झाडी काढली की लोक येतातच, कुणाला जळण हवं असतं, कुणाला दगड. उगाच वाद नको म्हणून मी देल्चोला सांगितलं, नकाशाच्या बाहेर जाऊ नकोस, मग कुणी हो म्हणो की नाही म्हणो. नकाशात वरच्या कडेचा एक लांब पट्टा येत होता. त्यावर दगडांच्या बुटक्या राशी होत्या, माणूसभर लांब, एकीमागून एक, गवतात बुडालेल्या. शेतातले दगड वेचून लोक असेच बांधावर टाकतात. देल्चोनं संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या राशी उचलून खाली लोटल्या.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेव्हल लावली आणि माझं डोकं फिरलं. आदल्या संध्याकाळी पट्टा चोख होता, मी स्वतः मोजला होता. आता वरच्या कडेनं तो वीतभर उंच होता. सगळीकडे नव्हे. थोडा उंच, मग बरोबर, मग परत उंच, असा.

"काका, रात्री इथं माती कुणी टाकली?"

"माझ्या सासऱ्यानं," काका म्हणाले. "अगं पोरी, तुझ्या लेव्हलचं तिकाटणं खचलं असेल."

मी तिकाटणं हलवून दगडावर ठेवलं, पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. माती उकरल्यावर फुगते, हे मला कुणी शिकवायला नको. पण रोलर फिरवल्यावर ती बसते. बसलेली माती रात्रीतून उठत नाही. दव पडलं असेल म्हणावं तर धूळ इतकी कोरडी की चालताना बुटांवर उडत होती. मी काकांना परत रोलर फिरवायला लावला. संध्याकाळी पट्टा सरळ झाला. सकाळी पुन्हा वर आला.

कंपनीच्या इंजिनियरला फोन केला. तो सोफियात बसून म्हणतो, "खाली काहीतरी पोकळ असेल, जुनी विहीर वगैरे. खोल काढून टाका आणि पुन्हा भरा." पोकळ जमीन खाली जाते की वर येते, हे त्याला विचारणार होते, पण ज्यांच्याकडून काम घ्यायचं त्यांना शहाणपण शिकवू नये, म्हणून गप्प बसले.

देल्चोला सांगितलं, "जपून. विहीर असली तर मशीनसकट आत जाशील."

जेवताना तो म्हणाला, "काळजी करू नकोस. म्हाताऱ्याला विचारून घेतलंय. खाली काही आहे का, म्हटलं. नाही म्हणाला. आणि काय माती आहे गं ताई ती! बकेट नुसती लोण्यात शिरल्यासारखी जाते. मुळी नाही, दगड नाही, कुणीतरी चाळून ठेवल्यासारखी."

"तू त्याच्याशी बोलतोस तरी केव्हा? मला कसा दिसत नाही तो?"

"तू लेव्हलमध्ये डोळा घालून बसलेली असतेस. मी मशीन थांबवून ओरडतो, तो लांबून उत्तर देतो. काल गंमत म्हणून विचारलं, आजोबा, इथं एकटेच राहता की काय? हो म्हणाला. वाईट वाटलं बघ मला. उद्या त्याला थोडं चीज नेऊन देतो."

माझ्या भावाचं मन असं. म्हाताऱ्या माणसाला एकटं राहावं लागतं म्हणून त्याचा घास अडला होता. मला वाटलं, हा राहणार इथं. नक्की राहणार. त्या दिवशी मी लेव्हलची चिंता सोडून दिली.

४

त्यानंतर एका सकाळी पोकलेनचा हायड्रॉलिक पाइप गळायला लागला. देल्चोनं चिंधी बांधून काम चालू ठेवलं आणि मी नवा पाइप आणायला तोपोलोवग्रादला गेले. दुकानात गर्दी नव्हती. पाइपचा तुकडा काउंटरवर टाकून मी विचारलं, "असा आहे का?"

दुकानदाराच्या तोंडात दोन स्क्रू होते. त्यानं नुसतीच मान वर-खाली केली. नाही.

मी बाहेर पडले, गाडीपाशी आले, किल्ली लावली आणि तशीच उभी राहिले. मग देल्चोला फोन लावला.

"मिळाला का पाइप?" मागं मशीन चालू होतं.

"पाइप मरू दे. तो म्हातारा तुझ्याशी तोंडानं बोलतो, की मान हलवतो?"

"मान हलवतो. एवढ्या लांबून काय बोलणार?"

"कशी हलवतो?"

"कशी म्हणजे? हो म्हणतात तशी. वर-खाली."

"अरे गाढवा! कुठं आहेस तू? जर्मनीत आहेस का?"

आधी तो हसला. मग त्याचं हसू मध्येच थांबलं. तोही तेच मोजत असणार. काढू का, तर नाही. खाली काही आहे का, तर मान डावी-उजवीकडे, म्हणजे आहे. एकटेच राहता का, तर...

"ताई," तो म्हणाला, "मग तो एकटा नाहीये."

"ते राहू दे. मशीन बंद कर आणि खाली काकांकडे जा. ऐकतोयस ना? ताबडतोब."

"थांब. तो आहे समोर. माफी तरी मागतो, बिचारा इतके दिवस नको नको म्हणत होता." आणि फोन तोंडापासून दूर धरून त्यानं हाक मारलेली मी ऐकली. "आजोबा! चुकलं का हो आमचं?"

पोकलेनचं इंजिन घरघरत होतं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं. "देल्चो?"

"डावी-उजवीकडे," तो हळूच म्हणाला. आणि मग, "सगळ्यांची मान."

फोन कटला नाही. मी गाडी चालवत होते आणि शेजारच्या सीटवर फोनमधून ते इंजिन तसंच घरघरत होतं. मी हाका मारत होते, शिव्या देत होते, रडत होते, सगळं एकदमच. देल्चोचा आवाज परत आला नाही.

५

भर दुपारी पोचले. ऊन असं की डोळे मिटावेत. खालच्या अंगाला नांकोकाका कानांवर आवाज अडवणारी बोंडं चढवून डोझर पुढे-मागे करत होते. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. मला बघून त्यांनी हात वर केला, सगळं ठीक.

वर पोकलेन उभं होतं, इंजिन चालू, दार उघडं. आत कुणी नव्हतं. पायरीवर कागदात बांधलेलं चीज होतं आणि देल्चोचा फोन होता, अजून माझाच कॉल चालू असलेला.

उकरलेल्या चरात मी डोकावले नाही. नेहमी मी खड्ड्यात आधी डोकावते, तो माझा धंदाच आहे. त्या दिवशी मान तिकडे वळलीच नाही, आणि बरं झालं.

चराच्या पलीकडे, कडेला जी काटेरी झाडी आम्ही अजून काढली नव्हती, तिच्या मागं माणसं उभी होती. मला डोकी तेवढी दिसली. टोप्या, डोक्याला बांधलेले रुमाल. लग्नाची वरात बघायला लोक कुंपणापाशी उभे राहतात, तशी शेजारी शेजारी, गप्प. उन्हानं हवा हलत होती, त्यामुळे चेहरे असे धड दिसेनात. मी स्वतःला म्हटलं, झुडपांचे शेंडे आहेत, दोब्रिना. वाऱ्यानं हलताहेत. पण वारा नव्हता. आणि त्या डोक्यांच्या मध्ये एक नारिंगी जॅकेट होतं, देल्चोचं साइटवरचं, माझ्याकडे पाठ केलेलं.

"देल्चो!" मी ओरडले. "इकडे ये! घरी चल!"

जॅकेट वळलं नाही. बाकीची डोकी मात्र माझ्याकडे वळली आणि सावकाश, सगळी मिळून, वर गेली आणि खाली आली. माझी मान काही जर्मन नाही. मला कळलं.

तेवढ्यात काकांच्या डोझरनं उडवलेली धूळ उतारावरून वर आली आणि मला काही दिसेनासं झालं. मी डोळे चोळत, ठेचकाळत पुढे गेले. धूळ बसली तेव्हा झाडीमागं कुणी नव्हतं. पोकलेनचं दार बंद होतं आणि देल्चो सीटवर बसून चर बुजवत होता. उकरलेली सगळी माती तो परत आत लोटत होता, बकेटच्या पाठीनं थोपटून थोपटून.

मी पायरीवर चढून काच ठोठावली. "काय रे मेल्या! जीव गेला माझा! ठीक आहेस ना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. वर-खाली.

जर्मन मान. आमच्या वेड्याची ती जर्मन मान बघून माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच पायरीवर बसून रडले आणि ते चीज मुंग्या लागलेलं तसंच खाऊन टाकलं.

६

इंजिनियरला मी सांगून टाकलं, वरचा पट्टा करणार नाही, खाली खडक लागलाय. तो कुरकुरला आणि गप्प बसला. बाकीचा माळ आम्ही पुरा करून दिला. जमीन पुन्हा उठली नाही. मी रोज सकाळी मोजायची आणि ती रोज जिथल्या तिथं असायची. देल्चोचं काम तर असं झालं की लेव्हल लावायची गरजच पडेना. डोळ्यांनी बघायचा आणि बकेट फिरवायचा. नांकोकाका म्हणाले, "ह्याला एवढी कळलीय ही जमीन, जसा इथंच वाढलाय."

फक्त तो बोलत नव्हता. त्या दुपारपासून एक शब्द नाही. डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, ऊन लागलंय, डोक्यात गरमी गेलीय, विश्रांती द्या, वाचाही येईल आणि आठवणही येईल. मी म्हटलं, आठवणीला काय झालंय? ते म्हणाले, कधी कधी जाते थोडी.

घरी तो टेबलाशी बसायचा, हात मांडीवर ठेवून. भरल्या मिरच्यांना हात लावायचा नाही. पाव खायचा, मीठ लावून. मी एकटीच बडबडत राहायची. एक दिवस मला सहन झालं नाही. मी त्याच्या समोर खुर्ची ओढली आणि सरळ विचारलं, "तू देल्चोच आहेस ना?"

मान वर-खाली.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, ही मान कुठली धरायची? जर्मन धरली, तर हो, देल्चो आहे. आमची धरली, तर नाही. मग ज्याचं उत्तर मला पक्कं ठाऊक आहे असं काहीतरी विचारावं, म्हणजे मान कुठली ते तरी कळेल. मी म्हटलं, "आपल्या आईचं नाव केरा होतं ना?"

मान डावी-उजवीकडे डोलली.

मी उठले, खिडकीपाशी गेले, ग्लास धुतला, पुसला, परत धुतला. जर्मन मान असेल, तर हा माझा भाऊ आहे आणि त्याला आईचं नाव आठवत नाही. आमची मान असेल, तर आईचं नाव ह्याला बरोबर ठाऊक आहे, पण हा माझा भाऊ नाही. डॉक्टरांनी आठवणीचं सांगितलंच होतं. मी तेच धरून ठेवलं, दोन्ही हातांनी धरलं. शहाण्या माणसानं दुसरं काय धरावं? माझ्याच भावाचं नाक, माझ्याच भावाचं टक्कल, डाव्या हातावर लहानपणी चुलीनं भाजलेला डाग. सगळं जागच्या जागी.

तरी मी खुर्चीत परत बसायला घाबरले, हे खरं आहे. स्वतःच्या स्वयंपाकघरात, भर दिवसा, दारापाशी उभी राहून मी शेवटचं विचारलं. ते विचारायला मी उन्हाळाभर थांबले होते आणि आता ते विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"जर्मनीला जाणार नाहीस ना आता? इथंच राहणार?"

ह्या वेळी त्यानं मान हलवली नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, ओठ ओले केले आणि तोंडानं, स्पष्ट म्हणाला, "हो."

मग त्यानं पाव मोडला आणि अर्धा माझ्या ताटात ठेवला.